उसनी जाग



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या नगर जिल्ह्यातली रात्र आखूड होते. काट्यासमोर ट्रॅक्टरांची रांग लागते, पहाटे तीनलाच टायरगाड्या फडाकडे निघतात, कारखान्यात तिसरी पाळी चालू असते. त्यात शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची. मग कुणीतरी बॅटरी घेऊन दारे धरायला जायचे, आणि बिबट्याच्या भीतीने सोबतीला घरातल्या आणखी एकाची झोप मोडायची. रविवारच्या मिस्साला उपदेश रंगात आलेला असताना मागच्या बाकांवर काही माना डुलतात, त्याचे कारण दर वेळी भक्ती कमी पडली हे नसते. फादरांनाही ते ठाऊक आहे.

अशा डुलणाऱ्या मानेची आम्हांला काळजी वाटत नाही. माणूस थकला, पेंगला, शरीराने आपले काम चोख केले. काळजी वाटते ती दोन-दोन रात्री जागूनही ज्याचे डोळे टक्क उघडे असतात, जो जेवत नाही, थकत नाही आणि बोलायचा थांबत नाही, त्याची. ही जाग त्याची स्वतःची नाही. ती उसनी आणलेली आहे. आणि अशी जाग आता आपल्या भागातही विकत मिळू लागली आहे, म्हणून हा लेख.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यावर छापा घातला आणि शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केले. तरुण मुले त्यालाच ‘एम.डी.’ म्हणतात. २०१५ पासून हा पदार्थ अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. मुंबई-पुण्याच्या पार्ट्यांचे खूळ म्हणून आपण आजवर तिकडे दुर्लक्ष केले. पण श्रीगोंद्याकडून भीमा ओलांडली की दौंड आलेच.

दुसरी वस्तू मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन. हे खरेखुरे औषध आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकदम उतरला तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. तेच इंजेक्शन जिममध्ये जाणारी पोरे दम वाढतो म्हणून टोचून घेऊ लागली. महाराष्ट्रात त्याचे बेकायदा साठे ठिकठिकाणी पकडले गेले आहेत. पोलीस भरतीच्या मैदानावरही उत्तेजक घेऊन उतरल्याचे प्रकार उघडकीस आले. आपल्याकडे भरतीची तयारी करणारी मुले-मुली गावोगाव आहेत. पहाटे रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. सोळाशे मीटरच्या धावेत पाच-दहा सेकंद वाचवण्यासाठी कुणी हे टोचून घ्यायला सांगत असेल, तर त्याला ‘सर’ म्हणण्याचे काही कारण नाही.

ही द्रव्ये शरीरात नवी ताकद घालत नाहीत, हे नीट समजून घेतले पाहिजे. संकटाच्या वेळी वापरायची म्हणून शरीराने काही रसायने राखून ठेवलेली असतात: नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, डोपामिन. उत्तेजक घेतले की ती एकदम सांडतात. माणसाला वाटते, अंगात हत्तीचे बळ आले. प्रत्यक्षात घरचे बियाणे दळून खाल्लेले असते. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात. त्यातून पंचविशीच्या मुलालाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अंग तापते, भूक मरते, दातावर दात घासले जातात. रात्रीमागून रात्री अशा गेल्या की संशय सुरू होतो. कुणीतरी मागावर आहे असे वाटते, कानांत आवाज येतात, आईवर नाही तर बायकोवर हात उगारला जातो. घरचे म्हणतात बाहेरचे काहीतरी लागले, आणि डॉक्टर सोडून भलत्याच दारी जातात. मग औषध उतरते. दोन दोन दिवस मेल्यासारखी झोप आणि तिच्यानंतर खोल उदासी. जीव देण्याचे विचार याच दिवसांत येतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोड कुटुंबांना उचल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही: पैसे आधी हातात येतात, घाम नंतर गाळावा लागतो, आणि हंगाम संपला तरी मुकादमाच्या वहीत काहीतरी शिल्लक राहतेच. उत्तेजकाचा हिशोब तसाच चालतो, फक्त येथे मुकादम आपले स्वतःचे शरीर असते.

कुणी विचारील, मग चहाचे काय? तोही जागे ठेवतोच की. प्रश्न रास्त आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ‘आता पुरे, झोप’ हा निरोप ते आणते. चहा-कॉफीतले कॅफिन हा निरोप ज्या दारातून आत जातो ते दार अडवून उभे राहते. निरोप्या परत जात नाही, बाहेर ताटकळतो. साधारण पाच-सहा तासांत निम्मे कॅफिन ओसरते, आणि उरलेले निम्मे रात्रीपर्यंत रेंगाळते. तंबाखूतले निकोटिनही उत्तेजकच आहे. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखा बंद झाला, पण पहाटे चुलीपुढे मशेरी लावल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशा माउल्या आपल्याच धर्मग्रामात आहेत, आणि त्यांना कुणी कधी व्यसनी म्हटलेले नाही. तेव्हा हे सगळे एकाच कुळातले आहेत. रेघ कुठे ओढायची?

आम्हांला वाटते, शरीराला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क उरतो की नाही, येथे ती रेघ ओढावी. फार दमलेला माणूस चहा पिऊनही झोपतो. शरीराचे शेवटी चालते. एम.डी. घेतलेल्याचे शरीर ओरडून सांगत असते आणि ते ऐकायला आत कुणी नसते. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचा एक साधा अर्थ असा की या मंदिरातली घंटा आपण कापडाने बांधून ठेवू नये. या कसोटीवर मशेरीही सुटत नाही. ती भुकेची घंटा बांधते. दहावीच्या मुलाच्या हाती अभ्यासासाठी दिलेला एनर्जी ड्रिंकचा डबा आम्ही एम.डी.च्या ओळीत बसवणार नाही, पण ‘झोप ही आळशाची’ हा धडा त्याला त्या डब्याबरोबरच मिळतो.

पण मग जागणेच वाईट असे म्हणावे, तर आपल्या श्रद्धेत जागरणाला केवढा मान आहे! नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आहे, पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीचा जागर आहे. सप्टेंबरमध्ये मतमाउलीच्या यात्रेसाठी हरेगावची वाट पायी तुडवणारे भाविक आहेत. गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांकडे मागितले ते एवढेच, की थोडा वेळ माझ्याबरोबर जागे राहा; आणि तेवढेही त्यांना जमले नाही. तापाने फणफणलेल्या लेकराजवळ बसलेल्या आईला कुणी झोपेचे महत्त्व सांगायला जाणार नाही. मात्र हाच प्रभू वादळात नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके टेकून झोपला होता, हे संत मार्कने आवर्जून लिहून ठेवले आहे. ज्या जागरणाला आपण मान देतो ते लपवून केलेले नसते, ते कुणा माणसासाठी किंवा देवासाठी असते, आणि सकाळ झाली की संपते. उसनी जाग लपवावी लागते. तिला सकाळ नसते. आणि ती कुणासाठी असते, हा तर पुढचाच प्रश्न आहे.

त्यासाठी थोडे दूर जाऊ. नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये एफेड्रा या झुडपातून एफेड्रिन वेगळे केले. दम्यावरची ती जुनी चिनी वनस्पती. १८९३ मध्ये त्यानेच एफेड्रिनपासून मेथॅम्फेटामिन बनवले. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याला हेच औषध ‘पर्विटिन’ या नावाने लाखो गोळ्यांनी वाटले गेले, सैनिक रात्रंदिवस पुढे सरकत राहावेत म्हणून. जपानमध्ये ते वैमानिकांना आणि कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या कामगारांना मिळाले. युद्ध संपल्यावर उरलेले साठे बाजारात आले, व्यसनाची साथ पसरली, आणि १९५१ मध्ये जपानला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या जपानी गोळीचे नाव होते ‘हिरोपोन’. ज्या ग्रीक शब्दावरून ते घेतले त्याचा अर्थ ‘कष्टावर प्रेम करणारा’. नाव ठेवणाऱ्याने जे मनात होते ते उघड करून टाकले! गोळी खाणारा कामगार, कष्ट त्याचे. प्रेम मात्र दुसऱ्याच कुणाचे, त्या कष्टांतून निघणाऱ्या मालावर.

व्यसनाविषयी बोलताना आपण नेहमी ‘वाया गेलेला पोरगा’ डोळ्यांसमोर आणतो. इतिहास पाहिला तर माणसाला झोपू न देणारी गोळी प्रथम मोठ्या प्रमाणावर वाटली ती सरकारांनी, सेनापतींनी आणि कारखान्यांनी. दहा आज्ञांतल्या विसाव्याच्या आज्ञेकडे यासाठी पुन्हा पाहावे. अनुवाद ग्रंथात ती ज्या रीतीने सांगितली आहे, तीत स्वतःच्या विसाव्यावर भागत नाही. दासाने, दासीने, बैलाने, गाढवानेही विसावा घ्यावा असे तीत आहे. म्हणजे ती आज्ञा थकलेल्याला जेवढी आहे, त्याहून अधिक ज्याच्या हाताखाली माणसे आहेत त्याला आहे. आपण मात्र रविवारी चर्चला आलो की ती पाळली असे धरून चालतो.

सतरा तास सलग जागा असलेला माणूस गाडी चालवताना तेवढाच चुकतो, जेवढा रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेला माणूस चुकतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. आता दोन ट्रॉल्या ऊस भरून, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा अवस्थेत सलग दुसऱ्या रात्री काट्यावर निघालेल्या ट्रॅक्टरचालकाचा विचार करा. तो थेंबही प्यालेला नाही. त्याला कुणी अडवणार नाही. ऊस आपला असेल तर ‘आजची खेप टाकच, उद्या वजन घटेल’ असे त्याला फोनवर सांगणारा आवाजही आपलाच असतो. त्याने जागे राहण्यासाठी काय घेतले, हे आपण विचारत नाही. न विचारणे सोयीचे असते.

मग घेणाऱ्याचा काहीच दोष नाही का? तसेही म्हणता येत नाही. उपचाराखेरीज अमली पदार्थ घेणे हा गंभीर अपराध आहे, ते बनवणे आणि विकणे हाही, असे ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण स्पष्ट सांगते. तेच धर्मशिक्षण असेही सांगते की सवय, भीती आणि दबाव यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. ही दोन्ही विधाने एकत्र धरणे कठीण आहे, पण एक सोडले की आपण चुकतो. पहिले इंजेक्शन पोरगा स्वतःच्या मर्जीने घेतो. विसाव्या वेळी मर्जी कितीशी उरलेली असते? त्याला नुसता पापी म्हटले तर तो आपल्यापासून लपेल. नुसता बळी म्हटले तर स्वतःहून उठून उपचाराला जाण्याइतका तो अजून माणूस आहे, हेच आपण नाकारल्यासारखे होईल. आणि दोषाची वाटणी करायचीच झाली, तर ज्याच्या झोपेवर ज्याचा नफा उभा आहे त्याने आपला वाटा आधी उचलावा, असे आमचे मत आहे.

दुसऱ्या बाजूला झोप यावी म्हणून तळमळणारी माणसे आहेत. उत्तेजक सोडलेली मुले आहेत, पाळी बदलणारे कामगार आहेत, कर्जाची आणि मुलीच्या लग्नाची बेरीज करत आढ्याकडे पाहणारे बाप आहेत, एकटे राहिलेले म्हातारे आहेत. त्यांना सगळे सांगतात, गोळ्या नकोत, नैसर्गिक काहीतरी घ्या. सल्ला प्रेमाचा आहे, पण ‘नैसर्गिक’ हा शब्द काही संताचे नाव नव्हे. तंबाखू नैसर्गिक, अफू नैसर्गिक. ज्या एफेड्रापासून ते सगळे रामायण सुरू झाले तेही झाडच, आणि त्याच्यापासून केलेल्या वजन घटवण्याच्या औषधांवर अमेरिकेला २००४ मध्ये बंदी घालावी लागली.

जायफळाचेच घ्या. रात्री दुधात चिमूटभर उगाळून घेतले तर बिघडत नाही. झोप लागते ती जायफळाने की कोमट दुधाने आणि शांत बसण्याने, हा वाद आम्ही घालणार नाही. पण गुण येत नाही म्हणून चमचा-दोन चमचे पूड घेतली तर उलट्या, धडधड आणि भ्रम होतो. तान्ह्या बाळाला शांत झोपावे म्हणून जायफळाचे वेढे देताना तर फारच जपावे; न देणेच बरे. अश्वगंधाने झोप थोडी सुधारते असे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. गरोदर स्त्रिया, थायरॉइडचे रुग्ण आणि आधीच झोपेच्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासणे याला मात्र आमचा पूर्ण पाठिंबा आहे. अपाय काही नाही, आणि घरातल्या कुणीतरी दहा मिनिटे म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे लागते, हा त्यातला मोठा गुण.

झोपेसाठी घेतलेला पेग हा सर्वांत खोटा उपाय. डोळा लवकर लागतो आणि रात्री दोनला टक्क उघडतो. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेल्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची काही आठवड्यांत सवय लागते, आणि नेमाने घेणाऱ्याने त्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. त्या सोडायच्या तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू.

उपयोग होतो तो फार साध्या गोष्टींचा; इतक्या साध्या की कुणी पैसे देऊन घेणार नाही. रात्री झोप लागो न लागो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवावी. उठल्यावर अर्धा तास उन्हात, उजेडात राहावे. दुपारनंतर चहा बंद. अंथरुणावर पडून मोबाईल किंवा हिशोब नको. वीस-एक मिनिटे झोप आली नाही तर उठून दुसऱ्या जागी मंद उजेडात बसावे आणि पेंग आली की परत जावे. घड्याळ भिंतीकडे फिरवावे. जपमाळेचा यात उपयोग होतो. पाच रहस्ये पुरी होण्याआधी झोप लागली तर पवित्र मरिया रागावेल असे आम्हांला वाटत नाही. याच पद्धतीचे समुपदेशन जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी द्यावे, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये केली. तीन महिने होऊनही झोप नीट येत नसेल, घोरताना श्वास अडकत असेल किंवा उदासी सरत नसेल तर घरगुती उपाय पुरे, तपासून घ्यावे.

ज्याला रात्री पाणी भरायचेच आहे त्याला ‘रोज एकाच वेळी उठा’ हे सांगणे म्हणजे थट्टा आहे, हे आम्ही जाणतो. त्याने संध्याकाळी जाण्यापूर्वी दीड-दोन तास झोपून घ्यावे, आणि परतल्यावर अंधाऱ्या खोलीत उरलेली झोप पुरी करावी. त्या वेळी घरच्यांनी टीव्ही बंद ठेवावा. त्याच्यावरचा खरा नैसर्गिक उपाय सूर्य आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या दोन प्रकल्पांपैकी एक आपल्याच पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला उभा राहिला: सौर वीज शेतीला दिवसाच मिळावी म्हणून. ग्रामसभेत अशा प्रकल्पाच्या जागेचा विषय निघाला तर तो फक्त विजेचा विषय समजू नये.

आता ज्यांच्या घरात हे दुखणे आले आहे त्यांच्यासाठी. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून रानातल्या एका झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला काही विचारले नाही. भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला, देवदूताने पुन्हा उठवून खाऊ घातले. ‘तू येथे काय करतोस’ हा प्रश्न परमेश्वराने त्याला विचारला तो चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोचल्यानंतर. उत्तेजकाची नशा उतरलेला मुलगा घरी आला तर पहिल्या दिवसांत त्याची उलटतपासणी घेऊ नये. झोपू द्यावे, उठला की पाणी आणि जेवण द्यावे, एकटे ठेवू नये, खोलीतली कीटकनाशके आणि दोर बाहेर काढावेत. छातीत दुखत असेल, अंग फार तापले असेल किंवा झटके येत असतील तर थांबू नका, तडक सरकारी दवाखान्यात न्या आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे गप्प बसतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ अ प्रमाणे, स्वतः सेवन करणारा किंवा अल्प प्रमाणात बाळगणारा व्यसनी आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि त्याने ते पुरे केले, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून त्याला संरक्षण मिळू शकते. पुण्याला १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर, आणि मानसिक आरोग्याची १४४१६ वर मिळते. फोन आईने, बहिणीने किंवा मित्राने केला तरी चालतो.